एका कागदाएवढा रंग

मराठीत ‘पॉलिश’ हा एकच शब्द दोन उलट कामांसाठी वापरला जातो. बुटाला पॉलिश करतो तेव्हा डबीतलं मेण ब्रशवर घेऊन चामड्यावर चढवतो. गिरणीत तांदळाला पॉलिश करतात तेव्हा दाण्यावरचा कोंडा घासून उतरवतात. लाकडी कपाटाला पॉलिश म्हणजे लाखेचा थर देणं आणि मोझॅकच्या फरशीला पॉलिश म्हणजे मशीन लावून फरशी घासणं. यात कोणाचा गोंधळ होत नाही, कारण काय चढतंय आणि काय उतरतंय ते डोळ्यांना दिसतं. गाडीच्या बाबतीत ते दिसत नाही. गॅरेजात ‘जरा पॉलिश मारून घ्या, नवी दिसेल’ असं सांगतात तेव्हा त्यातला अर्थ बुटाचा की तांदळाचा, हे सांगणारा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. माझ्या मते गाडीच्या रंगाचं निम्मं नुकसान या न विचारलेल्या प्रश्नामुळे होतं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे निळी प्रीमियर पद्मिनी होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी बाबा रबिंग कंपाऊंडचा डबा आणि जुन्या धोतराचे तुकडे घेऊन बसायचे. एकेक दरवाजा घासायचा, फडकं उलटायचं, पुन्हा घासायचं. फडकं निळं व्हायचं आणि आम्हा मुलांना वाटायचं, वर्षभराचा केवढा मळ निघाला! निघत होता तो मळ थोडा आणि रंग जास्त. आठ-दहा दिवाळ्यांनंतर बॉनेटच्या उंचवट्यावर आणि दरवाज्यांच्या कडांवर खालचा तांबूस प्रायमर डोकावू लागला.

बाबांचं चुकलं असं मला आज वाटत नाही. त्या काळच्या साध्या रंगांत वरपासून खालपर्यंत रंगद्रव्य असायचं. उन्हाने त्याचा वरचा थर मरायचा, खडूसारखी भुकटी धरायचा. तो मेलेला थर काढल्याशिवाय खालचा जिवंत रंग दिसणार नाही, म्हणून रबिंग. कंपाऊंडमधलं थोडं तेल रंगात मुरायचं आणि निळा पुन्हा निळा दिसायचा. शिवाय फडकं खरं बोलायचं. किती गेलं ते त्याच्यावर उमटायचं.

मोटारीच्या रंगाची गोष्ट पूर्वी याहूनही संथ होती. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखं व्हार्निश लागायचं आणि ते वाळायला आठवडे जायचे. १९२३ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचं ‘ड्यूको’ नावाचं लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. गाड्यांवरून ते लॅकर कधीच गेलं, पण त्याचं नाव आपल्याकडे सुतारकामात टिकलं. आजही फर्निचरवाला ‘ड्यूको पेंट करायचा का?’ असं विचारतो, तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या रंगाचं नाव घेत असतो.

आजच्या गाडीवर एक रंग नसतो, चार थर असतात. पत्रा गंजू नये म्हणून विजेच्या प्रवाहाने बसवलेला पहिला थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. गॅरेजात त्याला लॅकरही म्हणतात. चारही थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग एका कागदाएवढा, फार तर दीड कागद. त्यातला खरा रंग जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. चमक आणि संरक्षण ज्याच्यावर अवलंबून आहे तो क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाहूनही बऱ्याचदा पातळ. अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. म्हणून तो निम्मा होईपर्यंत घासत राहणं परवडत नाही. वरचे सात-आठ मायक्रॉन गेले की पुढची वर्षं उन्हाची आहेत, असं धरून चालावं. मशीनवरचं हलकं पॉलिश एका वेळी एक ते तीन मायक्रॉन नेतं. जाड कंपाऊंड किंवा वॉटर पेपर याहून जास्त नेतो.

आणि आता फडकं बोलत नाही. क्लिअर कोटला रंगच नसल्यामुळे तो घासून निघाला तरी फडकं पांढरंच राहतं. दर सहा महिन्यांनी गाडी ‘रबिंग-पॉलिश’ला देणाऱ्याला चकाकी दिसते, गेलेला थर दिसत नाही. पाच-सहा वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे उठतात, क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागतो आणि मग कंपनीचा रंगच वाईट होता असं ठरतं.

पुण्यात तरी हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं होतं. हे गाड्या बनवणारं शहर आहे. पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज, पुढे चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, आणि गाड्यांची परीक्षा घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर. अशा कारखान्यांच्या भट्टीत गाडीचा वरचा थर साधारण १४० अंशांना भाजला जातो. तेव्हा गाडीत ना सीट असते, ना वायर, ना प्लास्टिक. म्हणून ते शक्य होतं. तयार गाडी पुन्हा रंगवताना एवढी तापवता येत नाही. चांगल्या बूथमध्येही ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं, आणि उघड्यावर रंगवणाऱ्याकडे तर ऊन हीच भट्टी. चांगला पेंटर हुबेहूब छटा जुळवून देतो, त्याचं कसब मी पाहिलेलं आहे. पण भट्टीत भाजलेला थर पुन्हा मिळत नाही. जो आहे तो जपायचा.

कशापासून जपायचा? आधी धूळ. एआरएआयनेच पुण्याच्या हवेचा सविस्तर अभ्यास केला होता. २०१० सालच्या त्या अहवालात शहराच्या हवेतल्या पीएम-१० या बारीक कणांमध्ये सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीचा निघाला. त्यानंतर शहरात बांधकामं वाढली, मेट्रो आली, उड्डाणपूल आले. इथल्या धुळीत मातीबरोबर काळ्या दगडाचा चुराही असतो. वाघोली-मोशीकडच्या खाणींतला बेसाल्ट फोडून खडी होते, क्रश सँड होते आणि ती उडत उडत आपल्या बॉनेटवर येते. बेसाल्टमधली खनिजं क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. अशी धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने झटकणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणंच. संध्याकाळी पार्किंगच्या दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल गोल रेघांची जाळी दिसते, ती अशी तयार होते. पावसाने नाही.

मग पाणी. खडकवासल्याचं नळाचं पाणी मवाळ. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड, चुना आणि मॅग्नेशियम घेऊन आलेलं. ते उन्हात गाडीवर वाळलं की प्रत्येक थेंबाच्या कडेने पांढरं कडं राहतं. तसंच ठेवलं तर ते रंगात बसतं. ताजं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन ओल्या फडक्याने टिपून लगेच धुतलं की बहुतेक वेळा निघतं.

आणि झाडं. पुण्याच्या जुन्या रस्त्यांवरची सावली मोठ्या पर्जन्यवृक्षांची आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. पण या झाडांवरचे किडे रस शोषून चिकट गोड थेंब खाली टाकतात. उन्हाळ्यात त्याखाली गाडी लावली की काचेवर आणि टपावर साखरेच्या पाकासारखे ठिपके बसतात. पक्ष्यांची विष्ठा याहून वाईट. ती आम्लधर्मी तर असतेच, पण उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन फुगलेला असतो आणि थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती वेडावाकडा घट्ट होतो. तो डाग म्हणजे रंगावर उठलेला ठसाच. म्हणून विष्ठा खरवडू नये. ओलं फडकं दोन मिनिटं वर ठेवून उचलून घ्यावी, आणि त्याच दिवशी.

आता आपले सण. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण मी स्वतः दसऱ्याला गाडीची पूजा करतो. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढलं, झेंडूचा हार बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उजळतात. पण पारंपरिक कुंकू म्हणजे हळद आणि चुना, बाजारातल्या कुंकवात तर बऱ्याचदा नुसता कृत्रिम रंग. पांढऱ्या गाडीवर दोन दिवस उन्हात राहिलं की त्याची गुलाबी सावली उरते. एका दसऱ्यानंतर मी ते सुक्या फडक्याने जोर लावून पुसलं होतं. स्वस्तिक गेलं आणि त्याच्या चारही हातांच्या जागी बारीक रेघांचं दुसरं स्वस्तिक राहिलं. नव्या गाडीला पडलेला तो पहिला ओरखडा माझ्याच हातचा. त्यानंतर मी स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढतो. काचेला हळद धरत नाही. बॉनेटवरच काढायचं असेल तर आदल्या दिवशी मेण लावावं आणि संध्याकाळी भरपूर पाणी सोडून, न घासता, ते वाहून जाऊ द्यावं. हाराचा दोरा वाऱ्याने हलत रंगावर घासत राहतो, म्हणून तो ग्रिलला बांधावा, बॉनेटवर आडवा सोडू नये.

दिवाळीत फटाक्यांची राख पहाटेच्या दवात भिजते. तो लेप रंगावर राहू देऊ नये. फुलबाजीची ठिणगी म्हणजे तर जळता लोखंडाचा कण. तो तापलेला असतो, क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो आणि पंधरा दिवसांनी तिथे गंजाचा नारिंगी ठिपका दिसतो. गाडीवर कापडी कव्हर घातलं तर आधीच बसलेली धूळ त्याखाली घासली जाते, आणि ठिणगीने कव्हर पेटण्याची भीती वेगळीच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाडी तळघरात लावता आली तर उत्तम. नाहीतर दुसऱ्या सकाळी पहिलं काम म्हणजे फवाऱ्याने राख धुणं.

या सगळ्यात मेणाचं काम काय? मेण रंगाला ‘पोषण’ देत नाही. भाजलेल्या क्लिअर कोटला पोषण लागतही नाही. मेण मायक्रॉनहूनही पातळ थर होऊन वर बसतं आणि जे रंगाने सोसायचं ते आधी स्वतः सोसतं. आम्ल, चिकट थेंब, जड पाणी यांची पहिली गाठ त्याच्याशी पडते. ते झिजतं, जातं, आपण पुन्हा लावतो. म्हणून ते सुरक्षित. त्यात घासणारं काही नसेल तर दहा वेळा लावूनही रंग जिथल्या तिथे राहतो.

गाड्यांच्या मेणांत मोठं नाव कार्नोबाचं. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशात एक ताड वाढतो. आपलं पाणी उन्हात उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा लेप धरतो. पानं वाळवून, झाडून ते मेण गोळा करतात. १९३५ साली जॉन्सन या अमेरिकी मेण कंपनीचे प्रमुख खास त्याच्या शोधात विमानाने ब्राझीलला गेले होते, एवढी त्याची किंमत. आपल्या घरांत ते कधीच येऊन बसलं आहे. चांगल्या बूट पॉलिशमध्ये ते असतं, चॉकलेटच्या गोळ्यांवरच्या चकाकीतही असतं. (तरी बूट पॉलिश गाडीला लावू नये. त्यातले रंग आणि द्रावक वेगळे असतात.)

कार्नोबाचं वैशिष्ट्य त्याच्या वितळण्यात आहे. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना. एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी उघड्यावर लावलेल्या काळ्या गाडीचं बॉनेट सत्तर अंशांच्या घरात जाऊ शकतं. म्हणजे नुसतं मधमाशीचं मेण लावलं तर ते पाघळेल आणि धूळ धरेल. गणेशखिंडीला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरचा मध आणि मेण आपल्या हाताशी आहे, तरी गाडीसाठी मेण ब्राझीलहून का आणावं लागतं त्याचं कारण हे वीस अंश. अर्थात नुसता कार्नोबा विटेसारखा टणक असतो, तो फासता येत नाही. त्यात मऊ मेण, तेल आणि द्रावक मिसळावेच लागतात. त्यामुळे डबीवर ‘शंभर टक्के कार्नोबा’ लिहिलं असेल तर डबीतला सगळा माल कार्नोबा आहे असा त्याचा अर्थ असू शकत नाही.

पुण्याच्या उन्हापावसात कार्नोबा महिना-दीड महिना टिकतो. याहून जास्त हवं असेल तर कृत्रिम पॉलिमरचं सीलंट घ्यावं. ते चार-सहा महिने जातं, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा पुरतं. माझ्या मते बहुतेक पुणेकरांसाठी हीच सर्वांत समंजस निवड आहे. सीलंटमध्ये आणि बऱ्याच मेणांतही सिलिकोन असतं. भाजलेल्या रंगाला त्याने काही होत नाही. मात्र गाडी पुन्हा रंगवायला गेलात तर पेंटरला आधी सांगा. पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला की नवा रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. नव्याने रंगवलेल्या भागाला मेण लावण्याचीही घाई नको. रंगातली द्रावकं उडायला वेळ लागतो, तीस ते नव्वद दिवस थांबावं. आणि मॅट रंगाच्या गाडीला चकाकीचं मेण किंवा पॉलिश कधीच नको.

शोरूममध्ये गाडी घेताना ‘टेफ्लॉन कोटिंग’ पुढे करतात. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, १९३८ साली रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत सापडलेलं. तव्यावर ते पक्कं बसतं कारण तिथे ते तीनशे तीस अंशांच्या वर तापवलेलं असतं. गाडीवर एवढी उष्णता देताच येत नाही. हाताने चोळलेल्या लेपात त्याचे कण असले तरी तव्यासारखा थर तयार होत नाही. तो लेप म्हणजे बहुधा एक सीलंट, आणि त्याला सीलंटचीच किंमत द्यावी. सिरॅमिक कोटिंग हे खरोखर वेगळं रसायन आहे. ते रंगाशी घट्ट बांधलं जातं आणि वर्षं टिकतं. पण त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाचा आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीचा नाही. दगडाच्या धुळीने त्यालाही रेघा पडतात. शिवाय कोटिंगआधी गाडी मशीनने घासली जाते. चारशेची डबी असो की पंचवीस हजारांचं कोटिंग, विचारायचं तेच: माझ्या रंगातला किती भाग तुम्ही काढणार?

प्रामाणिक कामगार याचं उत्तर देतो आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणून दाखवतो. आकडा १०० ते १५० च्या दरम्यान असेल तर रंग कंपनीचा. दोनशेच्या पुढे गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला. हजाराच्या पुढे गेला तर आत लांबी भरलेली आहे. जुनी गाडी घेतानाही या यंत्राचा उपयोग होतो.

दुकानात डबी हातात घेतल्यावर लेबलावरचे शब्द वाचायचे. ‘कंपाऊंड’, ‘कट’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’, ‘स्वर्ल रिमूव्हर’, ‘क्लीनर वॅक्स’ या सगळ्यांत कमी-अधिक घासणारे कण असतात. ‘पॉलिश’ असं लिहिलेलं बहुतेक वेळा घासणारंच. नुसतं ‘वॅक्स’ किंवा ‘सीलंट’ आणि त्यापुढे क्लिअर कोटसाठी सुरक्षित असा उल्लेख असेल तर ते बुटाच्या अर्थाचं. तरी शंका असेल तर घरी एखादी जुनी सीडी असते. तिच्या चकचकीत बाजूवर थेंबभर घेऊन मऊ फडक्याने दहा वेळा घासा. सीडीवर धूसर रेघा उठल्या तर त्यात वाळू आहे असं समजा. टूथपेस्टचा प्रयोग बॉनेटवर करणाऱ्यांनी आधी सीडीवर करून पाहावा.

लावण्याची पद्धत सांगायला एक परिच्छेद पुरे. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा, म्हणजे सकाळी. आधी गाडीच्या शॅम्पूने धुवायची. कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या पावडरने नाही, तिचा क्षार मेणही नेतो आणि रबरही सुकवतो. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून फिरवायचा. बोटांना खरखर लागली तर रुतलेले कण आहेत, ते आधी क्ले बार नावाच्या मऊ वडीने, भरपूर ओलं ठेवून उचलायचे. मेण नखाएवढं घ्यायचं आणि एका वेळी एकच दरवाजा करायचा. जाड लावलं तर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जड जातं. बोट फिरवल्यावर स्वच्छ रेघ उमटली की कोरड्या मायक्रोफायबरने उचलून घ्यायचं. काळ्या खरखरीत प्लास्टिकला लागू द्यायचं नाही, तिथे पांढरं बसतं आणि निघता निघत नाही.

मात्र ज्या गाडीची रोजची पुसणी चुकते तिला मेणाचा फार उपयोग होत नाही. आमच्या सोसायटीत एक दादा पहाटे पाचला येऊन बारा गाड्या पुसायचे. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची खडी बाराव्या गाडीच्या रंगावर जायची, आणि दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना दुसरी बादली कधी दिलीच नव्हती. वर त्या बादलीत कपड्यांची पावडर, आणि हातमोजे नाहीत. त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्या मी वर्षभर पाहिल्या नव्हत्या, रंगावरच्या रेघा मात्र रोज पाहत होतो.

मागच्या दिवाळीपासून आम्ही वर्गणी काढून दोन बादल्या, सौम्य शॅम्पूचा कॅन, रबरी हातमोजे आणि पाण्याचा पाइप घेतला. एक बादली साबणाची, एक फडकं पिळायची. धुळीच्या दिवशी गाडी आधी पाण्याने निथळायची, मगच हात लावायचा. दादांनी स्वतःहून एक भर घातली. प्रत्येक गाडीचं फडकं वेगळं, त्याच्या कोपऱ्यावर मार्करने गाडीच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे. पहाटे खाली गेलं तर पार्किंगच्या जाळीवर ती बारा फडकी ओळीने वाळत घातलेली दिसतात.